पार्टिशनची पलीकडची बाजू

न्यायव्यवस्था कशी सुधारावी याची चर्चा दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होई. पहिल्या गुरुवारी खुर्च्या कमी पडल्या. दुसऱ्या गुरुवारी खुर्च्या उरल्या. तिसऱ्यापासून बाईंनी चहा-बिस्किटं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे खुर्च्या आणि माणसं यांचा मेळ बसला.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, त्यांचा आवाज अजून नोकरीत होता. नद्या, वारे आणि निम्म्या गावाची मुलं यांना वळण लावून झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांनी न्यायव्यवस्था हातात घेतली होती.

थोरले पहिल्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसत. एकतर त्यांना ऐकू जरा कमी येई, हे ते कुणाला सांगत नसत, आणि दुसरं म्हणजे कोर्टाबद्दल आपल्याइतकं इथे कुणाला कळत नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री अगदीच खोटी नव्हती. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या या माणसावर सख्ख्या धाकट्या भावाने दावा लावून अकरा वर्षं झाली होती. पहिला वकील म्हातारा होऊन घरी बसला होता, दुसरा टक्कल पडून अनुभवी दिसू लागला होता, आणि दावा मात्र होता तसाच तरुण होता.

दुसऱ्या गुरुवारी धाकटाही आला. थोरले एकटेच बोलत राहिले तर न्यायव्यवस्था त्यांच्याच बाजूने सुधारायची, ही त्याची भीती. तो शेवटच्या रांगेत बसे. भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण मधल्या वस्तूंचा उपयोग करीत.

"काही लोकांना तारखा मागायची सवयच लागलेली असते," थोरले फळ्याला सांगत.

"काही लोकांचे वकील ऐन वेळेला आजारी पडतात, आणि संध्याकाळी बाजारात दिसतात," धाकटा चहाच्या किटलीला सांगे.

मधे बसलेल्या माणसांच्या माना अशा दोन्हीकडे फिरून फिरून दुखायला लागत.

आता हा दावा कसला, ते सांगायला हवं. वडिलांचं दुकान एकच होतं, लांबलचक. वडील गेल्यावर दोघं भाऊ त्यात शेजारी शेजारी बसत. थोरल्यांना डोळा होता आणि धाकट्याला कान. सुई कुठे घासतेय, खालचा दोरा धरणाऱ्या शटलवर केसाएवढा ओरखडा कुठे आहे, हे थोरले नुसतं बघून सांगत. मशीन आतून कुठे कुरकुरतंय हे धाकटा डोळे मिटून सांगे. दोघांच्या हाताखालून गेलेलं मशीन लोण्यासारखं चाले. मग भांडण झालं, वाटणी झाली, आणि मधे कमरेएवढं पार्टिशन आलं. मोठ्या रस्त्याकडचा भाग धाकट्याने मागून घेतला. गल्लीकडचा भाग थोरल्यांना आला, आणि दुकानातली एकुलती एक खिडकी त्या भागात गेली. खिडकीचा उजेड पार्टिशनच्या वरून धाकट्याच्या टेबलापर्यंत पोचत असे, त्यामुळे इथवर सगळं ठीक होतं. एके दिवशी थोरल्यांनी पार्टिशन छतापर्यंत नेलं. धाकट्याच्या टेबलावर भर दुपारी रात्र झाली. त्याने दावा ठोकला: वरची फळी काढा, माझा उजेड मला द्या.

फळी बसवायला आलेला सुतार अजून तो किस्सा सांगतो. रागाच्या भरात दोघा भावांनी त्याला वेगवेगळं गाठून एकच सांगितलं होतं, "असं बसव की दुसऱ्याला एकट्याने काढता येता कामा नये." सुताराने आरपार बोल्ट घातले. बोल्टचे माथे थोरल्यांच्या बाजूला, नट धाकट्याच्या बाजूला. दोघांचीही मागणी पुरी झाली आणि दोघांनीही त्याला शाबासकी दिली.

तेव्हापासून गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचे हाल सुरू झाले. थोरल्यांकडून दुरुस्त होऊन आलेलं मशीन टाका सोडत नसे, पण आवाज असा करी की शेजारी विचारत, दळण दळताय का. धाकट्याकडून आलेलं मशीन मांजराच्या पावलांनी चाले आणि दर वीतभर अंतरावर टाका सोडी. शहाण्या बायका आधी एकाकडे नेत, मग दुसऱ्याकडे, आणि कुणालाच पत्ता लागू देत नसत.

तर एका गुरुवारी बाईंनी ठराव मांडला. "दावा दाखल करण्याआधी प्रत्येकाने समोरच्याची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडून दाखवली पाहिजे. तीही अशी, की समोरचा म्हणेल, हो, मला हेच म्हणायचं होतं. ही सूचना आपण वर सरकारला पाठवू. कुणाकुणाला पटतंय?"

सगळ्यांत आधी दोन हात वर गेले. एक पहिल्या रांगेतून आणि एक शेवटच्या. धाकट्याला माझी बाजू मांडावी लागली तर कशी जिरेल, या विचाराने थोरल्यांना गुदगुल्या झाल्या होत्या. धाकट्याच्या मनातही तेच चाललं असणार, भाऊच तो.

"छान," बाई म्हणाल्या. "पण प्रयोग करून बघितल्याशिवाय पाठवलं तर वरचे लोक हसतील. प्रयोग तुम्ही दोघं करा. पुढच्या गुरुवारी. थोरल्यांनी धाकट्याची बाजू मांडायची, धाकट्याने थोरल्यांची. औषधवाले न्यायाधीश."

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक दचकले. पण डॉक्टरांचं अक्षर लावणारा माणूस कुणाचंही म्हणणं लावू शकेल, असं बाईंचं मत होतं आणि त्यावर चर्चा नव्हती.

वर केलेला हात खाली घेईपर्यंत प्रकरण अंगाशी आलेलं असतं, तसं झालं. थोरले म्हणाले, "आँ? काय?" त्यांना नीट ऐकू आलं होतं, पण वेळ हवा होता.

"आणि क्षेत्रभेट झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. "ज्याची बाजू मांडायची त्याच्या जागेवर अख्खी दुपार बसून यायचं. किल्ल्या माझ्याकडे आणून द्या, मी अदलाबदल करते."

घरी थोरल्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती आणि तिची जाऊ रोज दुपारी फोनवर तासभर बोलत, ही गोष्ट दोघा भावांना सोडून सगळ्यांना ठाऊक होती.

"मग करणार ना?" तिने विचारलं.

"करणार म्हणजे? अशी मांडतो त्याची बाजू की त्यालाही मांडता येणार नाही. अर्धवट काम या हातातून कधी गेलंय?"

"आवाज करतं तुमचं काम," ती म्हणाली आणि चिरत राहिली.

क्षेत्रभेटीच्या दिवशी दोन्ही दुकानांवर बंदची पाटी होती. थोरल्यांनी धाकट्याचं शटर उचललं आणि आत गेले. दर्शनी भागात जुन्या मशीनचा ढीग, त्यामागे टेबल, आणि टेबलाला लागून ती फळी. फळीची ही बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी दिवा लावला. दुसराही लावला. धाकट्याच्या स्टुलावर बसले, ते हललं, म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. दुसऱ्याच्या दुकानातलंही स्टूल डुगडुगलेलं त्यांना खपत नसे.

टेबलावर एक शटल उघडून पडलं होतं. सवयीने हात गेला. दिव्याखाली धरून त्यांनी ते फिरवून पाहिलं. सगळीकडून सारखंच चकाकत होतं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ओरखडा असला तरी त्या चकाकीत तो दिसणं शक्य नव्हतं. शेवटी वैतागून ते उठले, मशीनच्या ढिगातून वाट काढत दारात आले आणि शटल वर आभाळाकडे धरलं. होता ओरखडा. नखाला लागेल एवढा होता.

आणि तसेच हात वर करून ते उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायला गेलं की रोज त्यांना हेच दिसे: धाकटा दारात उभा, हात वर, तोंड वर. थोड्या वेळाने पुन्हा तेच. अकरा वर्षं ते बायकोला सांगत आले होते, "काम ना धाम, दारात उभं राहून माझी गिऱ्हाइकं मोजतोय आणि वर आभाळाकडे बघून मला खिजवतोय." थोरल्यांनी हात खाली घेतला. त्यांना फार वाईट वाटलं. मग आपल्याला वाईट वाटलं याचा राग आला, आणि ते आत जाऊन बसले.

इतक्यात फळीपलीकडे काहीतरी चालू झालं. फळीला कान लावल्यावर कळलं: त्यांच्या टेबलावरचं, त्यांनी काल दुरुस्त करून ठेवलेलं मशीन कुणीतरी चालवत होतं. थांबवत होतं. पुन्हा चालवत होतं. माझ्या मशीनला हात लावतोय लेकाचा, थोरल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडावं तर बोलणं बंद. मग ते जोरात खोकले. पलीकडचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, आता इतका हलका की थोरल्यांना तो ऐकूच येईना. फळीवर तळहात ठेवला तेव्हा बारीकशी थरथर लागली, तेवढीच. ती थांबेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

गुरुवारी खुर्च्या पुन्हा कमी पडल्या. दोन्ही जावा एकत्र येऊन बसल्या होत्या आणि आत्ताच जिन्यात भेट झाल्याचं नाटक करीत होत्या. औषधवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

थोरले उठले. "मी धाकटा," ते म्हणाले, आणि त्यांचं पोट आणि पिकलेलं डोकं बघून सगळा हॉल हसला.

"मी धाकटा," ते जरा मोठ्याने म्हणाले. "माझ्या भागात दोन दिवे आहेत. दिव्याखाली शटल नुसतं चकाकतं, त्यातलं काही दिसत नाही. म्हणून मी दिवसातून दहा वेळा उठून दारात जातो आणि काम वर धरून बघतो. लोकांना वाटतं हा गिऱ्हाइकं मोजतोय. दादालाही तसंच वाटतं. दादाने कधी विचारलं नाही."

ते थांबले. 'प्रतिवादी' म्हणायचं असं घरून ठरवून आले होते. दादा हा शब्द कसा आला कळलं नाही. अकरा वर्षं तो कुणी उच्चारला नव्हता.

"माझं काम टाका सोडतं," ते घाईघाईने म्हणाले. "पूर्वी सोडत नसे. उजेड होता तोवर सोडत नसे. माझं म्हणणं एवढंच आहे."

सगळ्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "हेच म्हणायचं होतं का?" औषधवाल्यांनी विचारलं. धाकट्याने होकाराची मान हलवली. मग तो पुढे आला आणि त्याने थोरल्यांसारखा घसा खाकरला. ते खाकरणं इतकं हुबेहूब होतं की थोरल्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"मी थोरला. रस्त्याकडचा भाग धाकट्याने चार माणसांदेखत मागून घेतला. खिडकी माझ्याकडे आली ती मी चोरून आणली नाही. आणि त्या खिडकीचं सुख काय ते मला विचारा. दुपारभर ऊन डोळ्यांत. पुठ्ठा लावून बसतो मी. धाकट्याला वाटतं, त्याला चिडवायला लावतो." धाकट्याने इथे श्वास घेतला. "आता फळी वर का नेली ते सांगतो. धाकटा काम करताना शिट्टी वाजवतो. मी म्हटलं, दुकान आहे की तमाशा. त्याला राग आला. पण खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. मला ऐकू कमी येतं. आत्ताच असं नाही, तेव्हापासूनच. शिट्टी चालू असली की मला मशीनचा आवाज लागत नाही. मग मी मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून आवाज शोधतो. माझ्या सगळ्या मशीनवर तेलकट पंजा उमटलेला आहे. बघावा ज्याला बघायचा त्याने."

हॉलमधे कुणी बिस्किटही मोडेना. थोरल्यांचे कान तापले. हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. वकिलाला नव्हतं. आणि हा एक दुपार काय बसला, घेऊन आला बाहेर.

"हेच म्हणायचं होतं का?" औषधवाले.

"हेच," थोरले म्हणाले.

"उत्तर द्यायचंय?"

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण थोरल्यांच्या हातात एक बाजू होती, आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते ताडकन उठले.

"मग सांगायचं होतंस, दादा," ते म्हणाले. ते धाकट्याकडे बघून बोलत होते, आणि बोलत होते स्वतःलाच. "एका शब्दाने सांगायचं होतंस. मी शिट्टी बंद केली असती. मी काय परका होतो? शिट्टी थांबवायला कुणी माणसाचा उजेड बंद करतं का?"

औषधवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि निकाल दिला. धाकट्याचा दावा मंजूर. वरची फळी काढावी.

थोरल्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. टाळ्यांचा आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू आला. अकरा वर्षांत पहिला निकाल, आणि तो आपल्या बाजूने. ते खुर्चीत बसायला वळले तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला की आपण जिंकलो म्हणजे नेमके कोण जिंकलो.

तेवढ्यात धाकटा ओरडला, "मला हा निकाल मान्य नाही. मी अपील करणार."

"अपील कसलं? तू जिंकलास," थोरले म्हणाले.

"मी हरलो. मी तुझी बाजू मांडत होतो."

"तुला मांडता आली नाही. माझी बाजू चांगली भक्कम होती, तू तिची वाट लावलीस. चार माणसांदेखत वाटणी झाली म्हणालास, तिथेच धरून ठेवायचं होतं. माझ्या कानांचं काय मधेच काढलंस?"

"अरे, खरं होतं म्हणून काढलं. आणि तू काय, माझी बाजू मांडता मांडता रडकुंडीला आलास. मी असा रडका आहे का?"

"मी तुझ्यापेक्षा चांगला धाकटा झालो."

"आणि मी तुझ्यापेक्षा बरा थोरला. निदान खरं तरी बोललो."

ते भांडत जिना उतरले, भांडत रस्त्याला लागले. सगळा गट वाचनालयाच्या खिडक्यांतून वाकून बघत होता. थोरल्यांचं म्हणणं, फळी निघालीच पाहिजे, निकाल म्हणजे निकाल. धाकट्याचं म्हणणं, फळीला हात लावायचा नाही, दादाची बाजू नीट ऐकलीच गेली नाही.

"बाई, प्रयोग फसला," औषधवाले हळहळले. "वाद होता तसाच आहे, फक्त बाजू बदलल्या."

"फळा किंवा किटली मधे न घेता बोलतायत," बाई म्हणाल्या आणि कप गोळा करू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई थोरल्यांकडे टेबलावरचं ते मशीन न्यायला आल्या. त्यांनी चालवून पाहिलं, वाकून खाली पाहिलं, पुन्हा चालवलं. "चालू आहे ना हे?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडून निघालेलं मशीन असं गप्प कधी ऐकलं नव्हतं."

थोरल्यांनी मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवला. काहीच थरथरत नव्हतं. त्या मशीन घेऊन गेल्यावर थोरल्यांनी पाना घेतला, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीचा पहिला बोल्ट फिरवायला लागले. निकालाची अंमलबजावणी कुणीतरी करायलाच हवी होती. कोर्टाच्या भरवशावर राहिलो तर फळी आपोआप कुजून पडेल, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बोल्ट फिरला. फिरत राहिला. बाहेर मात्र येईना. पलीकडचा नट बोल्टबरोबर गोल गोल फिरत होता. सुताराने पैशाचं काम चोख केलं होतं. थोरल्यांचे हात भरून आले. आत्ता ही फळी निघाली नाही तर आपल्याच्याने पुन्हा कधी निघायची नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी फळीवर थाप मारली.

"ऐक. नट धर."

त्यांनी पुन्हा थाप मारली.

"नट धर पलीकडून. एकट्याने निघत नाही."

"मी अपील करणार आहे," फळी म्हणाली.

"कर. आधी धर."

थोरल्यांनी बोल्टवर पाना तसाच टेकवून ठेवला. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला असावा, त्यांना खात्री नव्हती. एवढं कळलं की हातातला पाना एकदम जड झाला. कुणीतरी पलीकडून घट्ट धरलं होतं.

"धरलंय, दादा," धाकटा म्हणाला. "फिरव."

थोरल्यांना ते पहिल्या खेपेला ऐकू आलं.